पाठीवरचा स्क्रू

बुधवारी चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडायचं काम माझं.
बावीस मांडते, अकरा भरतात.
बाहेर सास्काचेवानची रात्र, उणे चौतीस.
इंजिनं गोठू नयेत म्हणून गाड्या विजेच्या वायरीला बांधलेल्या,
दावणीच्या गुरांसारख्या
भिंतीकडे तोंड करून उभ्या.

पाळकबाई योहाना हार्डर नव्या आहेत, तरुण आहेत.
त्यांनी ठरवलं, या हिवाळ्यात बुधवारचा उपदेश नको,
ती अंतराळातली जुनी मालिका लावू,
जी या सपाटीवरच्या घराघरात
गहू कापून झाल्यावर रात्री लागायची.

आजच्या भागात एक यंत्रमानव. जहाजाचा सुकाणूवाला.
रोज पहाटे तो स्वतःची तपासणी करतो
आणि नोंदवतो: दोष नाही.
चारशे दिवस. दोष नाही.
आणि जहाज रोज केसभर झुकतंय
कुठल्याशा परक्या, लाल सूर्याकडे.

खोटं बोलत नाहीये तो. हे मला फार लागलं.
बिघाड हातात नाही, पायात नाही,
जो भाग बिघाड शोधतो
त्याच भागात आहे.
तराजूच खोटा, मग किती वेळा तोलणार?

पाळकबाईंनी मालिका थांबवली, कागद वाटले.
तीन प्रश्न, खाली रेघा.
पाप म्हणजे काय, आपल्या शब्दांत लिहा.
हिल्डा पेनर लगेच लिहायला लागली.
तिच्याकडे नेहमी उत्तर असतं, बहुतेकदा दुसऱ्या कुणाबद्दलचं.
(आणि मी? तिचं कुसळ मोजत बसले होते,
माझं मुसळ मांडीवर घेऊन.)

आब्राम लेपने कागदाची घडी घातली,
डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.
"पुढे लावा, बाई," म्हणाला,
"बघू तरी, हा स्वतःला कसा सोडवतो."

आब्राम. सत्तावीस वर्षं ट्रक, तेवढीच वर्षं बाटली.
एका जानेवारीत ट्रक खड्ड्यात घालून झोपला,
उजव्या हाताची तीन बोटं हिमाला देऊन उठला.
सोडली, म्हणतो. मग पुन्हा म्हणतो, सोडली.
दर वेळी खरंच बोलत असतो.

झाकण यंत्रमानवाच्या पाठीवर होतं,
दोन खांद्यांच्या मधोमध. एकच स्क्रू.
बनवणाऱ्याने अशा जागी बसवलेला
की त्याचा स्वतःचा हात तिथे पोचूच नये.
तो डावा हात वळवतो. उजवा वळवतो.
भिंतीला पाठ घासतो, खाज सुटलेल्या बैलासारखी.
कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

शेवटी तो जाऊन दार ठोठावतो.
ज्या मेकॅनिक बाईने त्याला सांगितलं होतं, दिशा चुकतेय,
आणि म्हणून जिला त्याने कोंडून ठेवलं होतं,
तिचंच दार.
"माझ्यात दोष आहे," तो म्हणतो, "मला तो दिसत नाही."
आणि पाठ करून उभा राहतो.

ती स्क्रूड्रायव्हर उचलते की नाही
ते पुढच्या बुधवारी.

दिवे लागले. पाळकबाई कृपेबद्दल सांगू लागल्या,
चांगलं सांगत होत्या, पण कॉफी उतू गेली
आणि ते तिथेच राहिलं.

मी खुर्च्या रचत होते. जिन्यापाशी आब्राम,
कोटाच्या चेनशी झटत.
दोन बोटांत ती धरवत नव्हती.
तिसऱ्यांदा सुटली. चौथ्यांदा.
एरवी तो शिवी हासडून उघड्या कोटानेच जातो.
मी पाहिलंय. कित्येक हिवाळे नुसतं पाहिलंय.

आज थांबला. माझ्याकडे नाही,
जिन्यावरच्या दिव्याकडे बघत म्हणाला,
"जमत नाहीये."

मी चेन लावली, पार हनुवटीपर्यंत.
श्वासाला पुदिन्याच्या गोळीचा वास होता
आणि गोळीखाली दुसरा.
मी काही बोलले नाही. किल्लीसाठी हात पुढे केला.
तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला.

किल्ली कोटाच्या आतल्या खिशात होती.
चेन पुन्हा उघडावी लागली.